अर्नाळकर, बाबूराव

(९ जून १९०६ – ५ जुलै १९९६). मराठी रहस्यकथाकार. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे मुंबईत चष्म्यांचे दुकान सांभाळत लेखन केले. १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्याची नोंद गिनीज बुकात आहे. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू ही त्यांची पात्रे मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना तोंडपाठ होती. अर्नाळकरांचा विषय निघाला की बोलणे १,०९२ या आकड्यापाशी येऊन थांबते, आणि एक विक्रमवीर म्हणून त्यांची बोळवण होते. प्रस्तुत नोंदीचे म्हणणे वेगळे आहे. त्यांच्या चिकाटीचे मोल ढिगाच्या उंचीत नाही, नियमितपणात आहे. आणि हा नियमितपणा कोणासाठी होता ते कळायचे तर मुंबईतल्या लेखकापेक्षा वऱ्हाडातल्या बडनेऱ्यासारख्या ठिकाणच्या वाचकाकडून सुरुवात करणे बरे.

आधी हिशेब पाहू. अठ्ठेचाळीस वर्षांत १,०९२ पुस्तके म्हणजे वर्षाला बावीस-तेवीस, महिन्याला जवळजवळ दोन. हा वेग लहरीवर लिहिणाऱ्याला झेपत नाही. दुकानाची वेळ, घरचे व्याप, आजारपणे, लग्नकार्ये हे सगळे धरून पंधरा दिवसांत एक हस्तलिखित हातावेगळे करायचे, आणि तेही अर्धे शतक, याला मराठीत ‘उरक’ म्हणतात. पुस्तके लहान असत, एका बैठकीत संपणारी. ती विकत घेणाऱ्यांपेक्षा भाड्याने नेणारे पुष्कळ. गल्लीतल्या खाजगी लायब्ररीत नाममात्र भाडे भरून पुस्तक न्यायचे, वाचून परत करायचे आणि ‘नवीन आलं का?’ असे विचारायचे, हा त्या वाचनाचा क्रम होता. या प्रश्नाला नकार मिळाला की वाचक दुसऱ्या लेखकाकडे वळतो. त्यामुळे इथे सातत्य हा लेखकाच्या स्वभावाचा गुण जितका, तितकाच व्यवसायाची अट आहे. अन्य भाषांतही हेच दिसते. अलाहाबादहून १९५२ पासून उर्दूतल्या इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ महिन्याच्या महिन्याला निघू लागली, ती याच अटीवर. हिंदीतले सुरेंद्र मोहन पाठक टेलिफोन कारखान्यातली नोकरी सांभाळून शेकडो कादंबऱ्या लिहीत राहिले. पोटापाण्याचा वेगळा उद्योग आणि त्याच्या जोडीला रोजचे लेखन, ही जोडी रहस्यकथेच्या प्रांतात वारंवार आढळते.

आता बडनेरा. मुंबई–नागपूर–हावडा या लोहमार्गावरचे हे जंक्शन मुंबईपासून साडेसहाशे किलोमीटरांहून दूर आहे. मुख्य मार्ग अमरावतीला वळसा घालून गेला. म्हणून अनेक दशके अमरावतीकराला बडनेऱ्यात उतरून सुमारे दहा किलोमीटरांच्या फाट्यावरची गाडी धरावी लागे. जंक्शन म्हणजे वाट पाहणे. पुढची गाडी यायला तास-दोन तास आहेत, हातात चार आणे-आठ आण्यांचे पातळ पुस्तक आहे, बाकावर शेजारी बसलेला तिरक्या नजरेने तेच पान वाचतो आहे: रहस्यकथेची लांबी, तिची छोटी वाक्ये, प्रकरण संपता संपता दारावर पडणारी थाप, हे सारे अशाच वेळेच्या मापाने बेतलेले आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अर्नाळकर लिहू लागले तेव्हा बडनेरा मुंबई इलाख्यात नव्हते. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेले होते. १९५० नंतर तो भाग मध्य प्रदेशात गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे अर्नाळकरांच्या लेखनाची पहिली वीस वर्षे अमरावती–अकोल्याचा कारभार नागपूरहून चाले, आणि मुंबई ही दुसऱ्या प्रांताची राजधानी होती. तरी त्या मुंबईतल्या टॅक्सी, बंदराचे धक्के, श्रीमंतांचे बंगले आणि पोलीस कचेऱ्या या पुस्तकांतून मराठी वाचकाच्या ओळखीच्या होत होत्या. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात सभा, ठराव, हुतात्मे यांची नोंद होते आणि ती व्हायलाच हवी. पण एका भाषेचे लोक एकाच शहराची स्वप्ने पाहू लागतात, यामागे असे भाड्याचे वाचनही असते, याची दखल कोशकारांनी घ्यावी असे आम्हांस वाटते.

प्रभावांच्या बाबतीत पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सारे इंग्रजीवरून उचललेले. त्यात तथ्य आहे. धनंजय-छोटू या जोडीमागे होम्स-वॉटसन उभे आहेत. कायद्याच्या बाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणाऱ्या झुंजाराचे आणि काळापहाडाचे नाते इंग्रजीतल्या ‘सज्जन दरोडेखोर’ नायकांशी लागते. मात्र हा निकष लावायचा तर मराठी कादंबरीची सुरुवातच खोडावी लागेल. हरी नारायण आपट्यांची ‘मधली स्थिती’ इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या आधाराने लिहिलेली. गोविंद नारायणशास्त्री दातारांनीही त्याच वाटेने वाचक मिळवला. आधार घेतला का, यापेक्षा आधाराचे काय केले, हा खरा प्रश्न. लंडनच्या क्लबातला उमराव उचलून गिरगावात आणून ठेवला तर तो चार पाने टिकत नाही. त्याला इथले घर, इथली बोलण्याची रीत, इथला राग द्यावा लागतो. या रागाचा उगम शोधताना १९३० चा तुरुंगवास विसरता येत नाही. सरकारी कायदा मोडून शिक्षा भोगलेल्या माणसाला कायदा आणि न्याय यांतले अंतर पुस्तकातून शिकावे लागत नाही. पोलीस ज्याच्या मागावर आहेत तोच गांजलेल्यांचा वाली, ही कल्पना इंग्रजीत करमणुकीची असेल. परक्या सरकारच्या अमलाखालील वाचकाला तिचा अर्थ निराळा लागत होता. हे अनुमान आहे, पण त्या काळाशी जुळणारे आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. इतके लिहिणाऱ्याचे चांगले किती असणार? योगायोगांवर कथानक सावरणे, खलनायक एकाच साच्यातले, स्त्रीपात्रांना संकटात सापडण्यापलीकडे फारसे काम नाही, तपासाची रीत पातळ: हे दोष नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय गिनीजच्या नोंदीतही शब्द ‘लघु रहस्यकथा’ असाच आहे. त्यांना सरसकट कादंबऱ्या म्हणणे अतिशयोक्तीचे. परंतु वाङ्मयेतिहासाने यावरून त्यांना वगळणे मात्र गैर. जॉर्ज सिमेनाँने मेग्रे या पोलीस अधिकाऱ्यावर पंचाहत्तर कादंबऱ्या लिहिल्या आणि फ्रेंच समीक्षेने त्याला अभ्यासाचा विषय मानले. अर्नाळकर सिमेनाँच्या तोडीचे आहेत असे येथे म्हणायचे नाही. मनुष्यस्वभावाची तेवढी जाण त्यांच्या लेखनात नाही. म्हणायचे ते इतकेच, की विपुलता हा गुन्हा ठरवून तपासच बंद करणे ही समीक्षा नव्हे. त्यांच्या गद्यात एक गोष्ट कायम आहे: वाक्य अडखळत नाही. संस्कृतप्रचुर मराठीच्या ऐन भरात त्यांनी असे गद्य लिहिले, जे चौथी-पाचवी शिकलेला गिरणी कामगार आणि घरात वऱ्हाडी बोलणारा जिनिंगमधला कारकून सारख्याच वेगाने वाचू शकत होता. एवढे सोपे लिहिणे सोपे नसते, हे संपादनाचे काम केलेला कोणीही सांगेल.

या गद्याचा वारसा पुढे स्पष्ट दिसतो. मूळचे गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून अर्नाळकरांचाच उरक पुढे नेला आणि कॅप्टन दीपसारखा लष्करी नायक आणला. सुहास शिरवळकरांनी (१९४८–२००३) दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी अशा नायकांच्या कथांतून वाचक मिळवला आणि त्याच वाचकाला घेऊन ते ‘दुनियादारी’सारख्या कादंबरीकडे गेले. लायब्ररीच्या भाड्यावर पोसलेला हा वाचक रहस्यकथेतच अडकून पडला नाही, हे त्या कादंबरीला मिळालेल्या लोकप्रियतेवरून दिसते. रहस्यकथा वाचनाची रुची बिघडवते, या तिसऱ्या आणि सर्वांत जुन्या आक्षेपाला यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.