कांद्याचें कडें आणि त्याचें आवरण

लढाया आणि तहनामे यांच्या तारखा जितक्या निश्चितपणें सांगतां येतात, तितक्या स्वयंपाकघरांतील पदार्थांच्या सांगतां येत नाहींत. पदार्थ करणारे हात बहुधा लिहिणारे नसत, आणि लिहिणारे हात बहुधा चुलीपाशीं जात नसत. त्यामुळें अमुक पदार्थ प्रथम कोणी केला असें विचारलें म्हणजे जें उत्तर मिळतें, तें पुष्कळदां दंतकथेच्या स्वरूपाचें असतें. कांद्याच्या गोल चकत्या मैद्याच्या सरबरीत पिठांत बुडवून, भरपूर तेलांत तळून जीं कडीं करतात आणि इंग्रजींत ज्यांना ‘ऑनियन रिंग’ म्हणतात, त्यांची गत अशीच झाली आहे.

अमेरिकेंत टेक्सस संस्थानांतील डल्लस शहरीं १९२१ सालीं ‘पिग स्टँड’ नांवाचें उपाहारगृह निघालें. मोटारींत बसल्या जागीं गिऱ्हाइकास खाद्य नेऊन देण्याची त्याची तऱ्हा होती, आणि पुढें त्याच्या अनेक शाखा झाल्या. या मंडळींचा दावा असा कीं, त्यांच्या एका आचाऱ्याच्या हातून कांद्याची चकती चुकून पिठांत पडली, त्यानें ती उचलून कढईंत टाकली, आणि कड्याचा जन्म झाला! कथा चटकदार आहे. पण तिला कागदाचा आधार नाहीं, इतकेंच नव्हे तर कागद तिच्या सरळसरळ विरुद्ध आहे.

इ. स. १८०२ सालीं लंडनमध्यें छापलेलें जॉन मोलार्ड याचें पाकशास्त्राचें पुस्तक उपलब्ध आहे. मोलार्ड हा व्यवसायानें आचारी. त्यानें दिलेली कृति थोडक्यांत अशी: कांद्याचे अर्धा इंच जाडीचे काप करावे, मैदा, साय, मीठ, मिरपूड आणि पार्मेझान चीज यांचें पीठ कालवावें, काप त्यांत बुडवून डुकराच्या कडकडीत चरबींत तळावे. टेक्ससमधील त्या चुकीच्या सुमारें एकशेंवीस वर्षें आधीं कडें तयार होतें.

तथापि मोलार्डलाहि जनक म्हणण्याची घाई करूं नये. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांच्या कृति इ. स. १३९० च्या सुमारास ‘फॉर्म ऑफ क्युरी’ नांवाच्या संग्रहांत उतरविल्या गेल्या. कंदमुळें आणि सफरचंदें अर्धवट उकडून, मैदा, अंडीं, एल नांवाची जवाची दारू, केशर व मीठ यांच्या पिठांत भिजवून तळावीं, असें त्यांत सांगितलें आहे. कांदा त्यांत नाहीं, पण आवरण आहे. खरा इतिहास कांद्याचा नसून या आवरणाचा आहे.

या आवरणाचें काम काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कांद्यांत दहांपैकीं जवळजवळ नऊ भाग पाणी असतें. नुसती चकती सुमारें १८० अंश सेंटिग्रेडच्या तेलांत सोडली, तर तें पाणी उकळून बाहेर धांवतें आणि चकती मऊ होण्यापूर्वीं तिच्या कडा करपतात. पिठाचें आवरण असलें म्हणजे कांदा आंत आपल्याच वाफेनें शिजतो आणि तेलाचा मारा पीठ सोसतें. मात्र मैदा हा मोठा हट्टी पदार्थ आहे. ओला मैदा घोटला कीं त्यांतील ग्लुटेन नांवाचें द्रव्य ताणलें जाऊन पीठ चिवट होतें. म्हणून जाणत्या गृहिणी पाणी थंडगार घेतात आणि चार गुठळ्या राहिल्या तरी पीठ फार ढवळीत नाहींत. कांद्याच्या पाकळीवर आंतल्या बाजूस जो गुळगुळीत पापुद्रा असतो त्यावरून पीठ घसरतें. तो काढून टाकावा, किंवा चकती आधीं कोरड्या मैद्यांत घोळवून मग बुडवावी. आणि एवढें सारें करूनहि पिठांत वायूचे बुडबुडे नसतील, तर कडें हलकें होत नाहीं.

हे बुडबुडे आणावे कोठून? रिचर्डच्या आचाऱ्यांनीं ते एलमधून आणले. त्या काळीं इंग्लंडांत ही दारू मुख्यतः स्त्रियाच घरीं करीत, त्यामुळें फेंस घरांतच सांपडे. पुढें हा धंदा कारखान्यांत गेला आणि शहरांतील गृहिणीचा फेंसहि त्याबरोबर गेला. ही उणीव रसायनशास्त्रानें भरून काढली. १७९६ सालीं अमेरिकेंत निघालेल्या अमेलिया सिमन्स हिच्या पुस्तकांत लांकडाच्या राखेपासून काढलेल्या क्षाराचा उपयोग आढळतो. १८४३ सालीं बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यानें बेकिंग पावडर तयार केली, ती किण्व व अंडीं न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठीं. एका आजारी गृहिणीच्या गरजेनें जगभरच्या चुलींचा कसा फायदा झाला, याचें हें उदाहरण मला तरी राजसभांच्या वर्णनांपेक्षां अधिक मोलाचें वाटतें.

उरला प्रश्न तेलाचा. कढईभर चरबी नेहमीं ताजी ठेवणें राजवाड्यास किंवा खाणावळीस परवडे. चार माणसांच्या संसारास तें जड जाई. १९११ सालीं अमेरिकेंत सरकीच्या तेलापासून रासायनिक क्रियेनें थिजविलेलें ‘क्रिस्को’ डब्यांतून विक्रीस आलें. (त्याच जातीचा डालडाचा डबा आपल्याकडे १९३७ सालीं आला, आणि त्यावरून घरोघर किती वाद झाले हें वडीलधाऱ्यांस विचारावें.) १९३३ सालीं न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध पत्राच्या पुरवणींत क्रिस्कोच्या जाहिरातीबरोबर कांद्याच्या कड्यांची कृति छापली गेली. गंमत अशी कीं तींत कालवलेलें पीठच नाहीं: चकत्या दुधांत बुडवाव्या, मैद्यांत घोळवाव्या व तळाव्या, एवढेंच. राजाच्या मुदपाकखान्यांतील वस्तु घरीं आली ती अशी, निम्मा पोषाख टाकून.

आपल्या कांदाभज्यांना हा प्रवास करावा लागला नाहीं. डाळींच्या पिठाचे तळलेले पदार्थ बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासां’त वर्णिलेले आहेत. हरभऱ्याच्या डाळीच्या पिठांत ग्लुटेन नसतें. म्हणून तें कितीहि फेंटलें तरी चिवट होत नाहीं, उलट हलकें होतें. खेकडा भज्यांत तर पाणीहि घालीत नाहींत. उभा चिरलेला कांदा मीठ लावून चुरून ठेवला म्हणजे त्याला पाणी सुटतें, आणि तेवढ्यांत मावेल तेवढेंच पीठ, थोडी तांदळाची पिठी व कडकडीत तेलाचें मोहन घालावयाचें. येथें पीठ कांद्याला भिजवीत नाहीं, कांदा पिठाला भिजवितो. चातुर्मासांत कांदा वर्ज्य करणाऱ्या घरीं आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, हीं भजीं मनसोक्त होतात.

आतां पुन्हां त्या टेक्ससच्या आचाऱ्याकडे वळूं. अपघाताची कथा लोकांस आवडते, याचें कारण तींत कोणाचें ऋण मानावें लागत नाहीं. पिठाचा पातळपणा, पापुद्र्याची अडचण, तेलाचा ताव हें सारें ज्याला कळतें त्याच्या हातून चकती ‘चुकून’ पडून कडें होत नाहीं. तें करून, बिघडवून, पुन्हां करून साधलेलें असतें. अशा कथेनें आचाऱ्याची कीर्ति वाढत नाहीं. त्याची बुद्धि मात्र त्याच्यापासून हिरावली जाते. ज्या शेंकडों स्त्रियांनीं एलच्या फेंसाचें पीठ हाताच्या अंदाजानें जमविलें, त्यांना तर कोणी चुकीचेंहि श्रेय दिलेलें नाहीं.

मोलार्डनें हीं कडीं वितळविलेल्या लोण्यांत मोहरी कालवून त्या रश्श्याबरोबर वाढावीं असें लिहिलें होतें. आज त्या जागीं बहुधा टोमॅटोचें केचप येतें. मोहरीची गोष्ट खुद्द करून पाहण्यासारखी आहे. विशेषतः पार्मेझान घातलें असेल तर मीठ बेतानेंच घालावें.