एका महिन्याची वाट, एका दिवसांत

जपानांत सेकिगाहारा म्हणून एक लहानसें गांव आहे. १६०० सालीं तेथें झालेल्या लढाईनें त्या देशाची सत्ता तोकुगावा घराण्याच्या हातीं गेली व पुढें अडीचशें वर्षांहून अधिक काळ टिकली. त्या गांवीं जाणाऱ्या प्रवाशास वाटाड्या लागत नाहीं. कोणत्या सरदाराचा तळ कोठें होता, तें त्या त्या जागीं खूण करून सांगितलें आहे. आणि विशेष हें कीं, विजयी इएयासूच्या तळाप्रमाणेंच पराभूत इशिदा मित्सुनारीची टेकडीही तेथें आदरानें दाखविली जाते. प्रवासी सकाळीं नकाशा घेऊन निघतो, व सायंकाळीं इतिहासाचें एक प्रकरण पायांनीं वाचून परततो.

असा दिवस आपल्या वऱ्हाडांत घालवितां येईल काय, असा प्रश्न आमच्या मनांत आला; आणि उत्तर शोधण्यास दूर जावें लागलें नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं, तेल्हारा तालुक्यांत हिवरखेड वसलें आहे. तेथून डोंगर डाव्या हातास ठेवून पूर्वेकडे निघावें, म्हणजे १८०३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांतील एका महिन्याचा सारा इतिहास एकाच वाटेवर भेटतो.

पहिला मुक्काम अडगांव. येथील रान पाहणाऱ्यास प्रथम कांहींच दिसत नाहीं. सपाट काळी जमीन, पिकें आणि उत्तरेस निळा डोंगर. परंतु ह्याच सपाटीवर २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं तिसऱ्या प्रहरीं नागपूरकर भोसल्यांचें सैन्य मन्याबापू व्यंकोजीच्या हाताखालीं उभें होतें. शिंद्यांनीं इंग्रजांशीं तहकुबीचें बोलणें केलें असतांही त्यांचें घोडदळ ह्या रांगेंत होतें. समोर आर्थर वेलस्ली. ज्यानें पुढें १८१५ सालीं वॉटर्लू येथें नेपोलियनचा पराभव केला, तोच हा सेनापति. शिरसोली गांवाजवळून इंग्रजी पलटणी पुढें येतांच मराठी तोफा धडाडल्या, आणि आघाडीच्या मद्रासी पलटणी फुटून मागें पळाल्या. वेलस्लीनें स्वतः त्यांना आवरून पुन्हा रांगेंत आणिलें. आपण जवळ नसतों तर तो दिवस हातचा गेला असता, अशा आशयाचें त्यानेंच मागाहून लिहून ठेविलें आहे. ती संधि मराठी सैन्यास साधतां आली नाहीं. चांदण्यांत पाठलाग झाला व ३८ तोफा शत्रूच्या हातीं लागल्या. लढाई आधींपासूनच हरलेली होती, असें मानण्याची आपणांस संवय आहे. ह्या रानांत उभें राहिलें म्हणजे ती संवय सुटते.

तेथून अकोट, अंजनगांव व परतवाडा ओलांडून घाट चढला कीं चिखलदऱ्यालगत गाविलगड येतो. अहमदशहा वली बहामनीनें १४२५ च्या सुमारास त्यास बळकटी आणिली. त्याच्या दरवाजावरील दुतोंडी गंडभेरुंड जाणाऱ्यानें अवश्य पाहावा. दक्षिणेकडून हा गड चढणें अशक्यप्राय, हें कड्यावर उभें राहतांच कळतें. म्हणून कर्नल स्टीव्हन्सननें अचलपुराकडून डोंगरांत स्वतः रस्ते पाडीत, तोफा ओढीत, उत्तरेस लबाड्याची बाजू गांठली. १५ डिसेंबर रोजीं बाहेरील तटास पडलेल्या खिंडारांतून हल्ला झाला. आंतील तट अभंग होता. परंतु शिड्या लावून तोही ओलांडला गेला. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. तोफांहून रस्त्यानें हा गड अधिक घेतला, असें आम्हांस तेथें वाटलें.

दोन दिवसांनीं, १७ डिसेंबरला, भोसल्यांनीं देवगांवीं तह केला. ओढ्यांतील कटक व वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड त्यांच्या हातून गेलें. गाविलगड व नरनाळा एवढे मात्र त्यांच्याकडे राहिले. सुटलेलें वऱ्हाड इंग्रजांनीं निजामास दिलें, आणि १८५३ सालीं त्याच्याकडून पुन्हा आपल्या ताब्यांत घेतलें. प्रांत असा हातोहात फिरला. त्यांतील कुणब्यास कोणी विचारलें नाहीं.

परततांना सायंकाळीं अंजनगांव-सुर्जी येथें थांबावें. सकाळीं तें मुद्दाम ओलांडून जाण्याचें कारण हेंच. ३० डिसेंबर रोजीं येथें शिंद्यांचा तह झाला, आणि गंगा-यमुनांमधील दुआब, दिल्ली व आग्रा ह्यांवरील त्यांचा अधिकार संपला. महादजीनें आयुष्य वेंचून उत्तरेंत जें उभारिलें, त्याचा निकाल पानमळ्यांच्या ह्या मुलुखांत लागला. अडगांवची लढाई ते हा तह, मध्यें अवघे ३१ दिवस!

आपण मुलांना रायगड दाखवितों, सिंहगड दाखवितों. तें योग्यच आहे. परंतु जिंकलेल्याच जागा दाखविल्या, तर राज्य कसें गेलें हें त्यांनीं कोठें शिकावें? सेकिगाहाराच्या लोकांनीं हरलेल्याची टेकडीही जपली. तिनें त्यांना कमीपणा आला नाहीं. ह्या वाटेस नकाशा, पाण्याचा तांब्या व तारखांचें एक टिपण पुरेसें आहे. वाचकांनीं एखादा थंडींतला रविवार काढावा, व अडगांवच्या रानांत घटकाभर उभें राहून मुलांना विचारावें, कीं तूं तेथें असतास तर काय केलें असतेंस?