लाहौल-स्पिती : धान्य स्वस्त, हिवाळा महाग

हिमालयातील अतिदुर्गम जिल्ह्यातील राहणीमान, संसारखर्च आणि स्थलांतराचा आढावा

केलाँग (हिमाचल प्रदेश) : अतिदुर्गम भागात राहणे स्वस्त की महाग, या प्रश्नाचे उत्तर केवळ बाजारभावांवरून मिळत नाही, हे लाहौल-स्पिती जिल्ह्याकडे पाहिले की लक्षात येते. शिधावाटप दुकानातील धान्याचा दर येथेही राज्यात इतरत्र असतो तोच आहे. घरभाड्याचा बोजा बहुतेक स्थानिक कुटुंबांवर नाही. शेतमालाला बऱ्यापैकी भाव मिळतो. तरीही २००१ ते २०११ या दशकात हिमाचल प्रदेशाची लोकसंख्या सुमारे १३ टक्क्यांनी वाढत असताना या जिल्ह्याची लोकसंख्या ३३,२२४ वरून ३१,५६४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ५ टक्क्यांनी घटली. या घटीमागे असलेला खर्च दुकानाच्या पावतीवर दिसत नाही. तो हिवाळा आणि अंतर यांचा खर्च आहे.

जिल्ह्याचे स्वरूप

लाहौल-स्पितीचे क्षेत्रफळ सुमारे १३,८४० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्हा (१४,४१२ चौरस किलोमीटर) त्याहून किंचित मोठा आहे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत १० लाख ७२ हजारांहून अधिक लोक राहत होते, तर लाहौल-स्पितीत साडेएकतीस हजार. येथे चौरस किलोमीटरमागे सरासरी दोन माणसे राहतात. जनगणनेच्या व्याख्येत बसेल असे एकही शहर जिल्ह्यात नव्हते. संपूर्ण लोकसंख्या ग्रामीण म्हणून नोंदली गेली. त्यातील ८१ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतो. साक्षरता ७६.८१ टक्के होती. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे १,०३३ मुली होत्या. देशातील मोजक्याच जिल्ह्यांत असे चित्र आढळते.

१९६० मध्ये हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा तो पंजाबात होता. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबच्या पुनर्रचनेत तो हिमाचल प्रदेशाकडे आला. नावातील जोडचिन्हाप्रमाणेच त्याचे दोन भाग आहेत. चंद्रा, भागा आणि त्यांच्या संगमातून होणारी चंद्रभागा (पुढे चिनाब) यांच्या खोऱ्यांत लाहौल वसले आहे. जिल्ह्याचे मुख्यालय केलाँग याच भागात सुमारे ३,०८० मीटर उंचीवर आहे. स्पिती नदीचे शीत वाळवंटी खोरे पूर्वेकडे असून त्याचे केंद्र काझा साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. दोन्ही भागांमध्ये सुमारे साडेचार हजार मीटर उंचीची कुंझुम खिंड आहे. हिवाळ्यात ती बंद झाली, की काझाहून आपल्याच जिल्ह्याच्या मुख्यालयी जाण्यासाठी किन्नौर, शिमला, मंडी आणि कुल्लू असा कित्येकशे किलोमीटरचा वळसा घ्यावा लागतो. त्यामुळेच काझा येथे अतिरिक्त उपायुक्तांचे स्वतंत्र कार्यालय ठेवावे लागले आहे.

बेगमीचा संसार

कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोटीची खरेदी होत असे, तशी येथे हिवाळ्याची बेगमी होते. फरक एवढाच, की ती चुकली तर शेजारच्या गावाकडे धाव घेण्याची सोय नसते. धान्य, डाळ, तेल, मीठ, साखर, चहा, औषधे, स्वयंपाकाचा गॅस आणि सरपण यांचा साठा ऑक्टोबरअखेर घरात असावा लागतो. शासनही शिधावाटपाचे धान्य आणि इंधन हिमवृष्टीपूर्वीच गोदामांत पोहोचवते. हिमाचल प्रदेशात शिधापत्रिकाधारकांना डाळ, खाद्यतेल, साखर आणि मीठही सवलतीच्या दरात मिळते. त्यामुळे मूलभूत अन्नाचा खर्च आटोक्यात राहतो.

खर्च वाढतो तो इतर गोष्टींवर. ताजी भाजी, फळे, अंडी, सिमेंट, लोखंड, यंत्रांचे सुटे भाग, कारागिराची मजुरी अशा प्रत्येक गोष्टीच्या किमतीत डोंगरी रस्त्याचे वाहतूकभाडे मिसळलेले असते. दुसरा बोजा भांडवलाचा आहे. मैदानी भागातील कुटुंब महिन्याच्या पगारातून महिन्याचा किराणा भरते. येथे पाच-सहा महिन्यांच्या किराण्याचे पैसे एकाच वेळी हातात असावे लागतात. पीक विकून पैसा येण्याचा आणि बेगमीसाठी तो खर्च होण्याचा काळ जवळजवळ एकच असल्याने, एखाद्या वर्षी रस्ता खचून माल अडकला तर पुढच्या सहा महिन्यांचे गणित विस्कटते. जव, सातू, सुकवलेली पालेभाजी, सुके मांस आणि वाळवलेले चीज ही येथील पारंपरिक अन्नव्यवस्था याच अनिश्चिततेवरचा उपाय होती.

ऊब हा सर्वांत मोठा खर्च

स्पितीत हिवाळ्यातील तापमान उणे २० अंशांच्याही खाली जाते. नळ गोठतात, पाणी झऱ्यावरून किंवा हातपंपावरून आणावे लागते आणि अनेक घरांत सगळे कुटुंब एकाच तापवलेल्या खोलीत राहते. स्वयंपाक आणि ऊब दोन्ही एकाच लोखंडी चुलीवर भागते. लाहौलमध्ये शेताच्या बांधावर लावलेल्या विलो वृक्षांचे सरपण आणि चारा मिळतो. वृक्षहीन स्पितीत मात्र लाकूड बाहेरून आणावे लागते. शासन ते सवलतीत पुरवते आणि उरलेली गरज शेण्या व झुडपे भागवतात. सरपण गोळा करणे, वाळवणे आणि रचणे यांत जाणारे श्रम प्रामुख्याने स्त्रियांचे असतात. त्यांचे मोल कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात धरले जात नाही.

जाड मातीच्या भिंती, लहान खिडक्या, सपाट छत आणि तळमजल्यावर गुरे असे जुने घर उष्णता राखण्यासाठी बांधलेले होते. कोरड्या शौचालयात राख-माती मिसळून तयार होणारे खत शेतात जाई आणि पाणीही लागत नसे. सिमेंटची घरे टिकाऊ आणि प्रतिष्ठेची मानली जात असली, तरी ती लवकर थंड होतात. दुसरीकडे, पूर्वी फारसा न पडणारा पाऊस आता अवेळी कोसळू लागल्याने मातीची छते गळतात.

वर्षातून एकच पीक

उन्हाळ्याचे पाच-सहा महिने हाच शेतीचा काळ. हिमनद्यांचे वितळलेले पाणी 'कूल' नावाच्या पाटांनी शेतात आणले जाते आणि त्याच्या वाटपाच्या पाळ्या गावकरी ठरवतात. एकोणिसाव्या शतकात मोरावियन मिशनऱ्यांनी लाहौलमध्ये बटाटा आणला. पुढे येथील थंड, रोगमुक्त हवेतील बियाण्याच्या बटाट्याला देशभर मागणी आली. त्याबरोबर कुठ ही औषधी वनस्पती, हॉप्स, वाटाणा, फ्लॉवर, आइसबर्ग लेट्यूस आणि अलीकडे सफरचंद ही पिके घेतली जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने क्वारिंग गावात हिंगाचे रोप लावले. भारतातील हिंगलागवडीच्या प्रयोगाचा तो आरंभ होता.

मैदानात पावसाळा असताना येथील वाटाणा आणि फ्लॉवर बाजारात येतो, म्हणून भाव चांगला मिळतो. ही बलस्थाने लाहौलच्या शेतकऱ्याला राज्यातील सुस्थित शेतकऱ्यांत नेऊन बसवतात. मात्र तोच काळ दरडी कोसळण्याचाही असतो. नाशवंत मालाचा ट्रक दोन-तीन दिवस अडकला, तर वर्षाचे एकमेव उत्पन्न बुडते.

स्पितीत जमिनीचे तुकडे होऊ नयेत यासाठी जुन्या काळापासून एक कठोर रीत होती. शेती थोरल्या मुलाकडे जाई, धाकटे मठात जात आणि थोरल्याने संसार हाती घेतला की आई-वडील 'खांगछेन' म्हणजे मोठे घर सोडून 'खांगछुंग' म्हणजे लहान घरात राहायला जात. मर्यादित पाण्यावर किती माणसे जगू शकतील, याचा तो हिशेब होता. शिक्षण आणि नोकऱ्यांमुळे ही व्यवस्था आता सैल झाली आहे.

दोन घरांचा खर्च

या जिल्ह्यात राहण्याची खरी किंमत आजारपण आणि शिक्षणाच्या वेळी कळते. केलाँगला प्रादेशिक रुग्णालय आहे आणि केलाँग व काझा येथून दूरवैद्यकीय सल्ल्याची सोय झाली आहे. परंतु गुंतागुंतीची शस्त्रक्रिया किंवा तज्ज्ञाची गरज असल्यास कुल्लू, शिमला किंवा चंदीगड गाठावे लागते. रेल्वे नाही, विमानतळ नाही. दुर्गम भागातील नेमणूक अनेक कर्मचाऱ्यांना नकोशी वाटते आणि विशेष भत्ते देऊनही डॉक्टर व शिक्षकांची पदे रिकामी राहतात.

शाळा बहुतेक गावांत आहेत, पण मुलांची संख्या घटत आहे. स्पितीतील लरी येथे नवोदय विद्यालय आणि लाहौलमधील कुकुमसेरी येथे शासकीय महाविद्यालय आहे. त्यापुढील शिक्षणासाठी कुल्लू खोरे किंवा चंदीगडला पर्याय नाही. परिणामी ज्यांना परवडते त्या लाहौली कुटुंबांनी कुल्लू-मनाली परिसरात दुसरे घर केले. मुले व आजी-आजोबा खाली, कर्ते स्त्री-पुरुष उन्हाळ्यात वर, अशी विभागणी रूढ झाली. म्हणजे स्वस्त समजल्या जाणाऱ्या गावात राहण्यासाठी कुटुंबाला दोन चुली सांभाळाव्या लागतात. ज्यांना दुसरे घर शक्य नाही, त्यांच्या वाट्याला पूर्ण हिवाळा येतो.

बोगद्याने काय बदलले?

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीवरचे लाहौलचे अवलंबित्व संपले. पूर्वी ही खिंड वर्षातील सुमारे सहा महिने बंद असे. त्या काळात रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि परीक्षार्थी यांचा आधार होता शासनाचे हेलिकॉप्टर, आणि तेही हवामानाने साथ दिली तरच. आता मनाली-केलाँग अंतर सुमारे ४६ किलोमीटरने घटून ७० किलोमीटरच्या आसपास आले आहे. मोठ्या हिमवृष्टीत व हिमस्खलनाच्या धोक्यामुळे वाहतूक काही दिवस थांबते, पण सहा महिन्यांची कोंडी फुटली आहे. हिवाळ्यातही भाजी, गॅस आणि औषधे पोहोचतात. पूर्वी खाली जाणारी काही कुटुंबे आता हिवाळ्यात गावीच थांबतात.

लाभाबरोबर बोजाही आला. सिस्सू, कोकसर या गावांत मनालीहून दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांची गर्दी, वाहनकोंडी आणि कचरा हे नवे प्रश्न आहेत. 'होम स्टे'मुळे घराला दुसरे उत्पन्न मिळते, पण पाण्याची शौचालये आणि वाढता वापर यांचा भार मोजक्या झऱ्यांवर पडतो. जमिनीच्या बाबतीत मात्र संरक्षण आहे. अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यास राज्याचा १९६८ चा कायदा प्रतिबंध करतो. त्यामुळे मनालीप्रमाणे बाहेरच्या पैशाने येथील जमिनीचे भाव गगनाला भिडवले नाहीत.

स्पितीला या बोगद्याचा लाभ उन्हाळ्यापुरताच मिळतो. हिवाळ्यात तिचा एकमेव मार्ग किन्नौरमधून जातो आणि दरडी व हिमस्खलनामुळे तोही वारंवार बंद पडतो. १५,२५६ फूट उंचीवरील ताशीगंग येथे जगातील सर्वांत उंच मतदान केंद्र उभारले जाते. पण याच स्पितीतील गिऊ गावाला भ्रमणध्वनीची सेवा मिळायला २०२४ साल उजाडले. लोकशाहीचा हक्क जेथे पोहोचतो, तेथे सोयी पोहोचायला उशीर लागतो, हा विरोधाभास खोऱ्यात जागोजागी दिसतो.

पाणी, दरडी आणि पुढचे दिवस

हिमवृष्टी कमी होणे हा वरवर दिलासा वाटला, तरी शेतीसाठी तो सर्वांत मोठा धोका आहे. हिवाळ्यात बर्फ साचले नाही, तर पेरणीच्या वेळी कूल कोरडी राहते. याउलट उन्हाळ्यात ढगफुटीसदृश पाऊस वाढला आहे. जुलै २०२१ मध्ये तोझिंग नाल्याला अचानक आलेल्या पुरात जीवितहानी झाली. लिंडूर गावात जमिनीला व घरांना भेगा पडल्याने रहिवाशांवर टांगती तलवार आहे.

स्थलांतर थांबले की वाढले, याचे अधिकृत उत्तर जनगणनेतूनच मिळेल. देशाच्या पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. मात्र हिमाच्छादित प्रदेशांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६ असा वेगळा ठरवण्यात आला आहे. त्या वेळी खिंडी खुल्या असतात, कापणी उरकत आलेली असते आणि कर्ती माणसे गावात असतात. त्यामुळे हाती येणारा आकडा लाहौल-स्पितीच्या उन्हाळ्याचा असेल. जानेवारीत यांपैकी किती घरांतून धूर निघतो, हा येथील राहणीमानाचा अधिक खरा निकष आहे. रुग्णालयात डॉक्टर, शाळेत शिक्षक आणि कुलीत पाणी असेल, तर तो धूर वाढेल. रस्त्याने दुर्गमता कमी केली. आता गाव राहण्याजोगे ठेवण्याचे काम उरले आहे.