सोळा चिपांची रॅम

मुंबईचा लॅमिंग्टन रोड कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, पण कॉम्प्युटरचे सुटे भाग घेणाऱ्यांच्या तोंडी तो लॅमिंग्टनच राहिला. २००२ च्या सुमारास तिथल्या काउंटरवर जाणतं गिऱ्हाईक ओळखायची एक खूण होती. रॅमची पट्टी हातात आली की ते भाव विचारण्याआधी तिच्यावरच्या काळ्या चिपा मोजायचं. एका बाजूला आठ, पट्टी उलटून आणखी आठ. सोळा भरल्या की मग घासाघीस.

या मोजणीचं मूळ इंटेलच्या एका चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीची गाठ घालणाऱ्या चिपांमध्ये, आहे. एप्रिल १९९८ मध्ये आलेला ४४०बीएक्स पेंटियम टूसाठी बनला, पेंटियम थ्रीलाही पुरला आणि इतका खणखणीत निघाला की मालक ते मशीन काढायला तयार होईनात. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं. मायक्रोसॉफ्टच्या मते ६४ एमबीत भागायचं आणि १२८ एमबी असली तर उत्तम. वापरणाऱ्याचं मत दोनचार प्रोग्रॅम उघडल्यावर बदलायचं. मग २५६ एमबीची पट्टी घ्यायची ठरायची, आणि तिथेच गोची होती.

ही पट्टी दोन तऱ्हेची मिळे. एकीवर १२८ मेगाबिटच्या सोळा चिपा, दुसरीवर २५६ मेगाबिटच्या आठ. बेरीज तीच. पण चिपच्या आत साठवण असते ती ओळी आणि स्तंभांत, भिंतभर कप्प्यांसारखी. ४४०बीएक्सकडे ओळीचा पत्ता सांगायला बाराच बिटं, म्हणजे ४,०९६ ओळी. २५६ मेगाबिटच्या चिपेत ओळी ८,१९२. वरच्या अर्ध्या कप्प्यांपर्यंत त्याचा हातच पोचत नसे. पैसे २५६ चे मोजायचे आणि मशीन चालू केल्यावर पडद्यावर १२८ बघायचे! दुकानदार पट्टी चांगली असल्याची शपथ घ्यायचा, आणि तो खोटं बोलत नसे.

असल्या कोड्यांची परंपरा जुनी. १९८१ च्या आयबीएम पीसीत मेमरी वाढवायची म्हणजे सुट्या चिपा सॉकेटमध्ये अंगठ्याने दाबून बसवायच्या, एका रांगेत नऊ: आठ माहितीसाठी, नववी चूक पकडायला. एखादा पाय दुमडला की संध्याकाळ गेली. १९८३ मध्ये वँग लॅबोरेटरीजमध्ये चिपा छोट्या पट्टीवर बसवण्याची युक्ती निघाली, तीच सिम. मात्र तीस पिनांची सिम एका वेळी आठच बिटं देई. ३८६ डीएक्स आणि ४८६ यांना हवी बत्तीस, म्हणून एकसारख्या चार पट्ट्या एकदम घ्याव्या लागत. बहात्तर पिनांच्या सिमने ४८६ चं काम एका पट्टीत भागवलं. तोवर एका वेळी चौसष्ट बिटं मागणारा पेंटियम आला आणि पट्ट्या जोडीने घेणं भाग पडलं. त्यातून सुटका केली ती १६८ पिनांच्या डिमने.

भावाचं गणित तर त्याहून लहरी. जुलै १९९३ मध्ये जपानच्या निहामा गावात सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांवरच्या काळ्या आवरणाला लागणाऱ्या इपॉक्सी राळेचा जगातला निम्म्याहून अधिक पुरवठा तिथून होई. मेमरीच्या किमती लगोलग भडकल्या. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानात भूकंप झाला, तेव्हाही तेच.

महागाई असली की चमत्कार विकणारेही येतातच. १९९५ मध्ये सॉफ्टरॅम ९५ नावाचं सॉफ्टवेअर विंडोज ९५ ची मेमरी दुप्पट करण्याचं आश्वासन देत लाखोंनी खपलं. ते तसं काहीही करत नव्हतं. अखेर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला धरलं.

खरी रॅम घालूनही मशीन मंदावण्याचा प्रकार मात्र अस्सल होता. पेंटियमच्या ४३०टीएक्स चिपसेटचा कॅश, म्हणजे झटपट हाताशी येणारी छोटी मेमरी, पहिल्या ६४ एमबीपुरताच चाले. विंडोज ९५ मेमरी वरच्या टोकाकडून वापरायला घेई. हौसेने ६४ ची ९६ केली की नेमकं रोजचं काम कॅशबाहेर जाऊन पडायचं.

पुढे आलेल्या डीडीआर नावाच्या रॅमच्या प्रत्येक पिढीने पट्टीतली खाच थोडी सरकवली, त्यामुळे चुकीची पट्टी निदान बसेनाशी झाली. डीडीआर टू आणि थ्री, दोन्हींना पिना २४०, पण एक दुसरीच्या जागी जात नाही. तरी जुन्या मशीनवाल्याला भुर्दंड होताच: कारखाने नव्या पिढीकडे वळले की जुनी पट्टी, तेवढ्याच क्षमतेची, नवीपेक्षा महाग. म्हणून दुरुस्तीवाला आधी खर्चाचं बोलत नाही. पट्टी काढतो, तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासतो आणि परत बसवतो. मुंबईच्या दमट हवेत काळवंडलेल्या कितीतरी ‘मेलेल्या’ रॅम अशा उठून बसल्या आहेत.

चिपांच्या मांडणीचा फटका मात्र पुन्हा बसला. डीडीआर टूच्या चार जीबीच्या पट्ट्या कुठे कुठे निम्म्या भावात दिसू लागल्या, वर इंग्रजी ठसा: फक्त एएमडीसाठी. त्यांच्या चिपांतल्या स्तंभांची संख्या इंटेलच्या चिपसेटला झेपणारी नव्हती. खाच जुळायची, पिना जुळायच्या, पट्टी टक्कन बसायची, आणि पडदा काळाच राहायचा.