पायरेट कोणास म्हणावे?



मालवणाहून दक्षिणेस तारकर्लीवरून पुढे जावे, तो जमीन चिंचोळी होत होत देवबागला संपते. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदी, आणि मध्ये माडांची व वाळूची एवढीशी पट्टी. आपल्या किनाऱ्यावर अशी नदीमुखे जागोजाग आहेत. पाणी ओळखणारा तांडेल भरती साधून आपले हलके गलबत आत घेऊन जाई. पाठलागावरचे खोल बुडाचे जहाज बाहेर तिष्ठत राही. त्या गलबतावरच्या माणसांसाठी कंपनी सरकारच्या दप्तरात एक शब्द ठरून गेला होता : 'पायरेट'. आपण त्याचे मराठी 'चाचा' असे करून मोकळे झालो. आज मला त्या शब्दाचीच थोडी झडती घ्यावयाची आहे.

शब्द मूळचा ग्रीक, लॅटिनमधून इंग्रजीत आलेला. ग्रीक धातूचा अर्थ नुसता 'प्रयत्न करणे, चालून जाणे' एवढाच. पुढे समुद्रावर लूट करणारा तो पायरेट झाला. सतराव्या शतकात दुसऱ्याचे पुस्तक चोरून छापणाराही झाला, आणि आज चोरून उतरविलेल्या चित्रपटालाही आपण तेच विशेषण लावतो. या साऱ्या अर्थांत एक गोष्ट समान आहे. कृत्य कोणते, यापेक्षा ते कोणाच्या परवानगीवाचून केले, यावर सगळे अवलंबून असते. इंग्लंडच्या ड्रेकने स्पेनची जहाजे लुटली. स्पेनच्या लेखी तो चाचा. इंग्लंडच्या राणीने त्याला १५८१ साली 'सर' केले.

आमच्या किनाऱ्यावर ही परवानगी कोणी द्यावयाची? भांडणाचे मूळ येथे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि आमच्याच समुद्रात आमच्याच व्यापाऱ्यांना परवाने विकत घ्यावयास लावू लागले. परवाना नसेल त्याचे जहाज धरावयाचे. पुढे मराठी आरमारानेही आपले दस्तक चालू केले. कान्होजी आंग्रे हे छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. दस्तक नसलेले जहाज ते धरीत, तेव्हा ते राज्याचा हक्क बजावीत होते. इंग्रजांची तक्रार अशी, की आमच्या निशाणाखालच्या मालाला हात लावू नये. आणि कान्होजींचा आक्षेप असा, की हे निशाण खासगी व्यापाऱ्यांनाही पांघरूण म्हणून मिळते. १७१३ साली मुंबईकरांनी त्यांच्याशी तह केला, आणि इंग्रजांचे निशाण इंग्रजांच्याच जहाजांवर असावे हे त्यात मान्य केले. चोराशी कोणी तह करीत नाही. तरीही १७३७ साली लंडनला निघालेल्या क्लेमेंट डाउनिंगच्या पुस्तकाच्या नावात आंग्रे आहेत ते 'पायरेट' म्हणूनच.

गंमत अशी, की अगदी खरे चाचे त्याच काळात इंग्रजच होते. १६९५ साली हेन्री एव्हरी याने औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' हे मक्केहून परतणारे जहाज लुटले, तेव्हा सुरतेत कंपनीचे लोक बादशाही अधिकाऱ्यांनी अडकवून ठेवले. सुरतकरांच्या दृष्टीने टोपीवाला आणि चाचा यांत फरक उरला नव्हता. कॅप्टन किड तर चाच्यांना पकडण्याची राजसनद खिशात घालून निघाला, १६९७ साली कारवारला येऊन गेला, आणि १७०१ साली लंडनमध्ये चाचा म्हणून फासावर गेला.

आता मालवणकडे येऊ. येथे मात्र आपल्या बाजूने सारे झाकून चालणार नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंधुदुर्ग करवीरकरांकडे होता, दरबाराची सत्ता क्षीण झाली होती, आणि त्या आश्रयाने समुद्रावर निव्वळ लूटही झाली. त्यात ज्या गरीब व्यापाऱ्याचे तारू बुडाले, त्याला दस्तकाचा न्याय सांगून काय उपयोग? परंतु इंग्रजांचे वर्तन पाहा. १७६५ साली त्यांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. पुढच्याच वर्षी पावणेचार लाखांहून अधिक रुपये घेऊन तोच किल्ला करवीरच्या जिजाबाईंना परत केला! चाच्यांचा अड्डा म्हणून घेतलेली जागा पैसे मोजून त्यांच्याच हवाली करणे, हा व्यवहार माझ्या तरी पचनी पडत नाही. अखेर १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले, आणि कारण म्हणून पुन्हा तोच शब्द पुढे करण्यात आला.

आजचा कायदा या बाबतीत अधिक स्वच्छ आहे. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी करारात चाचेगिरीची व्याख्या करताना ते कृत्य खासगी जहाजावरच्यांनी, 'खासगी हेतूंसाठी' केलेले असावे अशी अट आहे. भारताच्या २०२२ च्या कायद्यातही हीच अट आहे. ही फूटपट्टी लावली तर छत्रपतींचा सरखेल त्या शब्दात बसतच नाही. करवीरच्या काळातले काही मालवणी तांडेल बहुधा बसतील; काही बसणार नाहीत. प्रत्येकाचा कागद वेगळा पाहावा लागेल. सरसकट 'मालवणचे चाचे' म्हणण्याची सोय मात्र राहत नाही.

१९५९ साली मनोहर माळगावकरांनी कान्होजींचे चरित्र इंग्रजीतच लिहिले आणि त्यांना नावातच 'मराठा ॲडमिरल' म्हटले. ॲडमिरल हा शब्द तरी इंग्रजांचा कोठे आहे? तो अरबी 'अमीर' वरून आला आहे.