माळरानावरील सामूहिक कार्यक्रमांची वनपरवानगी (बारामती व इंदापूर)

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांतल्या सरकारी वनजमिनीवर सहल, शिबिर, छायाचित्रण, चित्रीकरण, शर्यत, वृक्षारोपण, पक्षीगणना असा एखादा कार्यक्रम गटाने करायचा असल्यास वनखात्याकडून आधी घ्यावी लागणारी लेखी संमती. भीमाशंकरच्या दाट रानात अशी संमती लागते हे कोणाला सांगावे लागत नाही. या दोन तालुक्यांत मात्र ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण इथले बहुतेक वन म्हणजे उघडे माळरान आहे. फाटक नाही, गर्द झाडी नाही. गाडी डांबरी रस्त्यावरून खाली उतरवली की माणूस वनात शिरलेला असतो आणि पुष्कळदा त्याला ते कळतही नाही. इथल्या परवानगीचे बहुतेक घोळ यातूनच होतात.

भूमी : नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि या मुलखाचे बागायत व जिरायत असे दोन भाग पडले. कालव्याखाली ऊस आला. वरच्या अंगाला ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती आणि मुरमाड माळ राहिले. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. माळरानाची वने या जिरायती पट्ट्यात आहेत : बारामतीत सुपे, शिर्सुफळ, गाडीखेल, तर इंदापुरात कडबनवाडी. कुसळी, मारवेल, पवन्या ही गवते आणि मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस आणि ससा हे इथले रहिवासी. चंडोल, धाविक, तित्तिर हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, त्यामुळे पाय ठेवायला मोकळी वाटणारी जागा त्यांच्या विणीची असू शकते. हिवाळ्यात भोवत्या जातीचे शिकारी पक्षी दूर उत्तरेकडून येऊन गवतात रात्र काढतात.

जमीन कोणाची : अर्ज लिहिण्याआधीचा हा प्रश्न, आणि सर्वांत जास्त चुका याच पायरीवर होतात. एकसारखे दिसणारे चार माळ चार वेगळ्या ताब्यांत असू शकतात. एक वनखात्याचा, दुसरा गायरान म्हणून महसूल खात्याचा व ग्रामपंचायतीच्या देखरेखीखालचा, तिसरा खाजगी पडीक, चौथा जलसंपदा खात्याने संपादित केलेला. गट क्रमांक मिळवून सातबारा पाहिला की बराचसा उलगडा होतो. तरीही प्रत्यक्ष हद्द बीटाच्या वनरक्षकाकडूनच समजून घ्यावी. गावकरी ‘फॉरेस्टची हद्द’ अचूक दाखवतात, पण त्यांचे बोट म्हणजे परवानगी नव्हे. सरपंचाचे पत्र वनजमिनीला चालत नाही आणि वनखात्याचे पत्र गायरानाला. इंदापूर तालुक्यातील भिगवण-कुंभारगावचा प्रसिद्ध पाणवठा उजनी धरणाच्या फुगवट्यावर आहे. तिथे रोहित पाहायला नेणाऱ्या नावा स्थानिक मच्छीमारांच्या आहेत आणि जलाशय जलसंपदा खात्याच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे कडबनवाडी आणि भिगवण एकाच दिवशी करणाऱ्या गटाचे सकाळचे दार वेगळे आणि दुपारचे वेगळे.

कायदा : राखीव वनात विनापरवाना शिरणे, गुरे चारणे, विस्तव पेटवणे, दगड-माती काढणे ही कृत्ये भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली येतात. विस्तवाचा भाग या भागात विशेष लागू पडतो. हुरड्याच्या दिवसांत गोवऱ्यांची आगटी पेटवून गटाने माळावर बसण्याची इथली जुनी हौस आहे. शेताच्या बांधावर तिला कोणाची हरकत नाही. वनहद्दीत मात्र वनाधिकाऱ्याने मुभा दिलेल्या हंगामाखेरीज विस्तव पेटवणे वा जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे, मग वणवा लागो वा न लागो. खात्याचा वणवा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. इथले गवत त्याच्या कितीतरी आधी वाळून कोळ झालेले असते.

मंडप, कायम व्यासपीठ, पार्किंगसाठी सपाटीकरण अशा गोष्टी मागितल्या की विषय वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८० कडे जातो. वनजमिनीचा वनेतर वापर केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीवाचून होत नाही; ती मंजुरी देणे स्थानिक अधिकाऱ्याच्या हातात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशाने सरकारी दप्तरी ‘वन’ अशी नोंद असलेली प्रत्येक जमीन या कायद्याखाली आणली, तिच्यावर झाड असो वा नसो. ‘इथे कुठे जंगल आहे’ या युक्तिवादाला तेव्हापासून जागा उरलेली नाही. २०२३ च्या दुरुस्तीने कार्य आयोजनेत समाविष्ट असलेल्या निसर्गपर्यटनाच्या सुविधांना वनेतर वापरातून वगळले. एखाद्या संस्थेच्या एकदिवसीय मेळाव्याला ही सवलत मिळत नाही.

सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य हा याहून कडक प्रकार आहे. मोरगावच्या मयूरेश्वरावरून नाव पडलेले हे अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. कलम २७ प्रवेश रोखते आणि कलम २८ अभ्यास, संशोधन, छायाचित्रण, पर्यटन अशा मोजक्या कारणांसाठी परवाना देण्याची वाट ठेवते. वाढदिवस, संमेलन, शर्यत त्या यादीत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने छायाचित्रणाच्या जोडीला चित्रपटनिर्मिती आली, पण अधिवासात बदल होणार नाही या अटीवर. परवान्याचा मूळ अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा, म्हणजे नागपूरच्या कार्यालयाचा. संशोधनासाठी येणाऱ्यांनी हा पल्ला धरूनच वेळापत्रक आखावे.

कार्यपद्धती : अभयारण्याबाहेरच्या वनात अर्ज त्या तालुक्याच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे (गावच्या बोलीत ‘आरएफओ साहेबां’कडे) करतात, तो अभिप्रायासह पुण्याच्या उपवनसंरक्षकांपर्यंत जातो. अर्जात तारीख, वेळ, माणसे, वाहने, नेमका मार्ग, गट क्रमांक आणि जबाबदार व्यक्तीचे नाव असावे. कचरा परत नेण्याचे हमीपत्र आपणहून जोडलेले बरे. गावात संयुक्त वनव्यवस्थापन समिती असेल तर तिला आधी भेटावे. कायदा ते सांगो न सांगो, कार्यक्रमाच्या दिवशी माळावर समितीचीच माणसे असतात. ध्वनिक्षेपकाला पोलिसांची वेगळी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच. लांडगा-तरसाच्या मुलखात दिवसासुद्धा तो कशाला हवा, हा प्रश्न अर्जदाराने स्वतःला विचारायला हरकत नाही. ड्रोनला २०२१ च्या ड्रोन नियमांचे बंधन आहे. त्याची पूर्तता झाली म्हणून वनखात्याची संमती आपोआप मिळत नाही.

अर्ज फसतात ते बहुधा मोघमपणामुळे. ‘निसर्ग शिबिर, अंदाजे शंभरेक जण’ असे लिहिले की वाचणाऱ्याला चुली, तंबू आणि गाण्याच्या भेंड्या दिसू लागतात. तेच ‘सकाळी ७ ते १०, चाळीस विद्यार्थी, दोन बस रस्त्यावर उभ्या, ठरलेल्या पायवाटेने पक्षीनिरीक्षण’ असे लिहिले तर निर्णय देणे सोपे जाते.

ग्रासलँड सफारी : २०२४ मध्ये पुणे वनविभागाने बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ‘ग्रासलँड सफारी’ सुरू केली. ऑनलाइन नोंदणी, ठरलेले मार्ग आणि सोबत प्रशिक्षित स्थानिक मार्गदर्शक अशी तिची घडी आहे. लहान कुटुंबाला वा मित्रमंडळींना आता अर्जविनंतीच्या फेऱ्यांची गरज उरली नाही. त्याआधी छायाचित्रकारांच्या गाड्या गवतात वाटेल तिथे घुसत आणि चाकोऱ्यांचे जाळे पडे; त्यांना निदान एक वाट मिळाली. मात्र सफारीचे तिकीट म्हणजे कार्यक्रमाची परवानगी नाही. त्या तिकिटावर गाडीतून पाहता येते. लग्नापूर्वीचे फोटो, फलक लावून उद्घाटन किंवा पायी शिबिर करता येत नाही.

कार्यक्रमांचे प्रकार : छायाचित्रणाकडे निरुपद्रवी म्हणून पाहण्याची सवय आहे. पण वन्यजीव कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणे आणि त्याचा पाठलाग करणेही येते, पक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देणेही येते. चिंकारा धावताना टिपावा म्हणून त्याच्यामागे गाडी घालणारा माणूस त्या व्याख्येपासून फार दूर नसतो. चिंकारा आणि लांडगा दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. लांडग्याची वीण हिवाळ्यात होते आणि नेमका तोच पर्यटनाचा हंगाम. गुहेपाशी गर्दी झाली की मादी पिल्ले उचलून दुसरीकडे नेते. त्यामुळे गुहेचे ठिकाण समजले तरी ते गटात पसरवू नये. पाळीव कुत्री बरोबर आणू देत नाहीत तेही योग्यच. कुत्र्यांचे रोग लांडग्यांत आणि खोकडांत पसरतात.

वृक्षारोपणाचे अर्ज सर्वांत सद्हेतूचे आणि इथे सर्वांत अवघड. पावसाळा आला की शाळा, कंपन्या, मंडळे रोपे घेऊन माळ शोधू लागतात. राज्याच्या ३३ कोटी वृक्षलागवडीच्या २०१९ च्या मोहिमेने ही हवा आणखी तापवली होती. परंतु गवताळ माळ हा उजाड पडलेला जंगलाचा तुकडा नाही, तो मुळातच गवताचा आहे. त्यावर गिरिपुष्प किंवा निलगिरीच्या रांगा उभ्या राहिल्या की चिंकाऱ्याला दूरवरचे दिसत नाही आणि धाविक ती जागा सोडतो. अशा अर्जाला नकार देणारा अधिकारी पर्यावरणद्वेष्टा ठरतो, पण शहाणपण बहुधा त्याच्याच बाजूला असते. श्रमदानच करायचे असेल तर वणव्याआधी जाळरेषा साफ करणे किंवा प्लास्टिक वेचणे ही कामे खात्याकडे मागावीत. मोटारींच्या आडरान शर्यतींबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही; त्या वनजमिनीवर बसतच नाहीत, आणि जलसंधारणासाठी खोदलेल्या सलग समतल चरांवरून गाड्या उडवणे हे आणखी एक नुकसान.

वारी आणि मेंढपाळ : या तालुक्यांतला सर्वांत मोठा सामूहिक कार्यक्रम संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला गोल रिंगण. तो सोहळा रस्त्याने व गावांतून जातो, त्याची आखणी जिल्हा प्रशासन आणि पोलीस करतात, आणि त्यात वैयक्तिक अर्जदार कोणी नसतो. धनगरांची गोष्ट निराळी. पिढ्यान्‌पिढ्या कळप घेऊन याच माळांवरून जाणाऱ्या वाड्यांना कार्यक्रमाची नव्हे, चराईची परवानगी लागते, आणि राखीव क्षेत्र बंद असले की तीही मिळत नाही. इथल्या लांडग्याचे पोट बऱ्याच अंशी त्यांच्याच कळपांवर भरते. शहरातून आलेल्या गटाला नोंदणी करून ज्या माळावर सकाळी फिरता येते, त्याच माळाच्या कडेने मेंढपाळ कळप वळवून नेताना दिसतो. कार्यक्रमाला संमती मागताना त्या आठवड्यात जवळपास कोणाचा वाडा बसला आहे हे वनरक्षकाकडून विचारून घेण्याची रीत काही समजूतदार आयोजकांनी पाडली आहे. अर्जाच्या नमुन्यात तिच्यासाठी रकाना नाही.