पंडिता रमाबाई : एका विधवेने उघडलेले दार

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर येथून नोकरीसाठी मुंबईला जाणारी आपली कितीतरी माणसे गाडीतून उतरतात ती एका गॉथिक वास्तूत. पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८८ साली पूर्ण झाले. ज्या राणीचे नाव त्याला दिले होते ती १८६१ पासून विधवा होती आणि अखेरपर्यंत तिने काळी वस्त्रे सोडली नाहीत. त्या काळच्या इंग्रजी कथांतूनही काळ्या वेषातील, मोठ्या वाड्यात राहून दानधर्म करणारी श्रीमंत विधवा भेटते. ती देते ते आपल्या ऐश्वर्यातून. परंतु त्याच काळात आपल्या मुंबईत एका विधवेने आश्रयाचे दार उघडले. तिच्याजवळ ना वाडा होता, ना वारसा.

पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या मुलीला दिली. दुष्काळात आईवडिलांचा अंत झाला. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. तेव्हा रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि कन्या मनोरमा वर्षाचीही नव्हती. केशवपन आणि अवहेलना हेच उच्चवर्णीय विधवेचे प्राक्तन मानले जाण्याचा तो काळ.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि त्यांनी आपली विचारशक्ती मठाच्या दाराबाहेर ठेवली नाही. सिस्टर जेराल्डिन ह्यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात मतभेदांची स्पष्ट नोंद आहे. १८८६ मध्ये आपल्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे मित्र व निधी जमवून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास नेले. तेथील आरंभीच्या विद्यार्थिनी गोदूबाई ह्यांनीच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह केला.

त्याच वर्षी वादळ उठले. सदनात धर्माबाबत तटस्थता राखावयाची असे ठरले होते. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, रानडे व भांडारकर ह्यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मी प्रार्थना करताना दार का लावून घ्यावे, हा रमाबाईंचा प्रश्न होता. ज्याच्या विश्वासावर मुली येथे आल्या त्या समाजाला दिलेल्या शब्दाचे काय, हा विरोधकांचा प्रश्न होता. दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते.

१८९६ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व उपाशी मुलींना घेऊन परतल्या. स्वतः भूक सोसलेल्या त्या बाईला ती दृश्ये परकी नव्हती. केडगावच्या मुक्ती सदनात १९०० च्या सुमारास दीड हजार जणींना आसरा मिळाला. विणकाम, छपाई, शेती ह्यांचे शिक्षण मिळाले. अंध मुलींनाही शिकविले गेले. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते. भुकेल्या मुलीची धर्माला दिलेली संमती कितपत मोकळी, ही शंका अभ्यासक विचारतात. आपणही ती टाळू नये. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात हेच बजावले आहे की, प्रीती निःशुल्क असते. ती दुसऱ्या हेतूचे साधन नव्हे.

रमाबाई कॅथोलिक नव्हत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, तो मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठी बायबल सिद्ध करून. सारफथच्या विधवेने दुष्काळात आपल्या शेवटच्या मूठभर पिठाची भाकर परक्याला दिली, हे आपण मिस्साच्या वाचनात ऐकतो. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी ज्या छावणीत संसार मांडले ती उल्हासनगरची भूमी आपल्या पायाखाली आहे. येथे आजही कोणी विधवा, कोणी परित्यक्ता दार ठोठावते. तिला आधी जेवू घालावे. तिचे नाव, गाव, धर्म मागाहून विचारावा, आणि तिने सांगितला नाही तरी पान वाढतच राहावे.